घरची खबर

आगाशे सरांचं नाव बाळ. वय पंचाहत्तर, डोक्यावर औषधाला केस नाही, आवाज असा की खालच्या मजल्यावरचं कुत्रं दचकतं, आणि नाव बाळ. आता बिबवेवाडीत त्यांना त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही म्हणा. सगळे सर म्हणतात. हेमाकाकू 'अहो' म्हणतात, तेही क्वचित, कारण काकूंनी तोंड उघडायच्या आधीच सरांचं सांगून झालेलं असतं.

सर टांझानियात टांगा गावाजवळ घायपाताच्या एका मोठ्या मळ्यावर हिशेबनीस होते. दोरखंडाचा वाख काढायचा मळा. बावीस वर्षं काढली तिथे. परत आले, निवृत्त झाले, वर्षभर घरात बसून काकूंच्या भाजी चिरण्यातल्या चुका काढल्या, आणि मग देवाच्या कृपेने त्यांनी हॉलमध्ये स्वाहिलीचा क्लास काढला. पुण्यातून पंप विकायला, औषधं विकायला नैरोबी, दार-एस-सलामला जाणारी मुलं येऊ लागली. त्यांच्यासाठी सरांनी स्वतः एक पुस्तिका बनवली होती. एकीकडे स्वाहिली शब्द, मध्ये इंग्रजी अर्थ, शेजारी उदाहरणाचं वाक्य. पहिलाच शब्द 'लेते'. लेते म्हणजे ब्रिंग. लेते माजी, ब्रिंग वॉटर. त्यानंतर बस, थांब, इकडे ये, लवकर कर, झाडून घे, उचल. अशी पानंच्या पानं.

एकदा एका विद्यार्थ्याने विचारलं होतं, "सर, नमस्काराचं पान नाही का?"

"नमस्कार-चमत्कारात त्या लोकांचा अर्धा दिवस जातो," सर म्हणाले होते. "आपण पुणेकर. कामाचं बोलायचं आणि निघायचं. ते पान मी मुद्दाम घेतलेलं नाही."

हल्ली मुलं फोनवरच शिकतात. क्लासला उरली होती एकच, राजनंदिनी ढोके, पुसदची. एका मोठ्या हॉस्पिटलात बिलिंगच्या खिडकीवर कामाला होती. तिथे पूर्व आफ्रिकेतून पेशंट येऊ लागले, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळं टेबल सुरू झालं आणि त्यावर हिला तात्पुरतं बसवलं. जमलं तर नोकरी पक्की. नाही जमलं तर करार संपला की घरी, आणि घरी म्हणजे पुसदला, जिथे वडिलांनी मुलगा बघून ठेवलेला होता. मुलगा वाईट नव्हता. पण राजनंदिनीला तो नको होता, ही नोकरी हवी होती, आणि हे तिने सरांना नाही, स्वयंपाकघरात येऊन काकूंना सांगितलं होतं.

सोमवारची गोष्ट. हॉलमध्ये उजळणी चालली होती.

"लेते माजी!" सर गरजले.

"लेते माजी," राजनंदिनी पुटपुटली.

"तोंडातल्या तोंडात नको. लेते माजी!"

तिसऱ्या वेळी हेमाकाकू पाण्याचा पेला घेऊन हॉलमध्ये उभ्या. आपण का आलो हे त्यांना दारात आल्यावर कळलं. हात आपोआप माठाकडे गेले होते.

"बघा!" सर खो खो हसले. "उदाहरण पायांनी चालत आलं!"

राजनंदिनी हसली नाही. काकूंनी पेला टेबलावर ठेवला आणि आत गेल्या. राग नाही आला त्यांना. रागवायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि ती कुठे गेली कोण जाणे. हल्ली सकाळी उठल्यावरच त्यांना संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं. डॉक्टर म्हणाले रक्त चांगलं आहे, साखर चांगली आहे, वयाच्या मानाने सगळं छान आहे. मेलबर्नहून अपूर्वा दर रविवारी फोन करायची आणि विचारायची, "आई, बाबा कसे आहेत?" मग काकू सांगायच्या, बाबा कसे आहेत ते.

बुधवारी राजनंदिनी भर दुपारी आली, हॉस्पिटलच्या गणवेशातच. पुण्यात एक ते चार कुणाची बेल वाजवायची नसते हे ती दोन वर्षांत शिकली होती, तरी आली. डोळे सुजलेले.

"सर, त्या बाई माझ्याशी बोलूनच नाही राहिल्या."

"कोण बाई?" सर झोपेतून उठून आले होते, त्यामुळे आवाज आणखी चढलेला.

तिने सांगितलं ते असं. टांगाकडची एक बाई आलीय. मुलगी बारा वर्षांची, हृदयाला छिद्र. ऑपरेशन उद्यावर आलंय आणि आईची सही बाकी आहे. पहिल्या दिवसापासून म्हणत होती, थांबा, सांगते. रविवारपासून तर तेही नाही. भिंतीकडे तोंड करून बसते. जेवण ठेवलं की तसंच. फोनवर वाक्य टाकून ऐकवलं तर फोनकडेसुद्धा बघत नाही. आज टेबलच्या प्रमुख दीपमाला मॅडमनी स्पष्ट सांगितलं, की संध्याकाळपर्यंत सही नाही झाली तर ऑपरेशनची तारीख जाईल आणि राजनंदिनी, मग या टेबलावर तुझा काही उपयोग नाही.

"तू काय बोललीस तिच्याशी?" सरांनी विचारलं.

"तुमचीच वाक्यं, सर. काआ हापा. न्गोजा. लेते करतासी. बस इथं, थांब, कागद आण."

"बरोबर आहेत की! उच्चारही ठीक आहेत." सरांनी क्षणभर विचार केला. "आवाज चढव. त्या लोकांना मऊ बोललेलं कळत नाही. माझा बावीस वर्षांचा अनुभव आहे."

आत काकू चहाचं आधण ठेवत होत्या. त्या लोकांना! ज्यांच्या हातचं बावीस वर्षं खाल्लं, अपूर्वाच्या तापात ज्या बाया रात्ररात्र उशाशी बसल्या, ते 'ते लोक'. काकूंना एकदम असा काही संताप आला, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. कुठे दडून बसला होता इतके दिवस! त्यांनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि बाहेर आल्या.

"मी जाते हिच्याबरोबर."

"तू?" सरांना खरंच कळेना. "तुला कुठे स्वाहिली येतं? भाजीबाजारातलं तर बोलायचीस."

"हो, बाजारातलंच," काकू म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या.

"आणि माझा चहा?"

"आधण ठेवलंय," असं म्हणून काकू जिना उतरल्यासुद्धा.

रिक्षात बसल्यावर मात्र भान आलं. आपण हे काय करून बसलो! परत फिरावं असंही एकदा मनात आलं. किती वर्षांत तोंडातून शब्द गेला नव्हता. येईल का आता? आणि या सत्तरीत कुणाच्या आजारपणात, कुणाच्या नोकरीत कशाला पडायचं? घरी पडून राहिलो असतो तर बरं झालं असतं, इतकं अंग जड झालं होतं. पण शेजारी ही पोरगी ओढणीचं टोक पिळत बसलेली. तिच्याकडे बघून काकूंनी रिक्षावाल्याला "चला" म्हटलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "टांगा गावच्या बाजारात नारळवाली मला नारळ देत नसे. तीन दिवस दिला नाही. मी जायची, नारळ दे म्हणायची, ती दुसरीकडे बघायची. चौथ्या दिवशी शेजारणीने सांगितलं, अगं, आधी तिची खबर विचार. हबारी म्हणजे आपली खबरच. रात्रीची खबर, कामाची खबर, घरची खबर, मुलांची खबर. हे सगळं विचारून होईपर्यंत तिकडे कुणी कामाचं काढतच नाही. वाण्याशी नाही, डॉक्टरशी नाही, कुणाशीच नाही. त्याआधी काढलं तर ते भुंकल्यासारखं वाटतं त्यांना."

राजनंदिनी बघतच राहिली. "अवं काकू, असं तर आमच्या पुसदला पण करतात! पाहुणा बसायच्या आधी त्याच्या बैलाचंसुद्धा विचारतात."

"मग इथे का नाही विचारलंस?"

"विचारायची ना सुरुवातीला. बिलिंगला बसली तेव्हा प्रत्येकाला विचारायची, कसे आहात, कुठून आलात. तर मॅडम म्हणाल्या, मुद्द्याचं बोल, रांग बघ केवढी आहे. आणि सर पण तेच म्हणाले."

दोन पुणेकरांनी मिळून एक चांगली पोरगी बिघडवली होती, त्यातला एक आपल्या घरचा. उरलेल्या रस्त्यात त्यांनी तिच्याकडून तीन शब्द घोकून घेतले.

"आणि तू तिला हाक काय मारतेस?"

"पासपोर्टवर मुआनाइदी आहे. तेच ओरडते मी नंबर आला की."

"मुलीचं नाव काय?"

"रेहेमा."

"मग ती मामा रेहेमा. रेहेमाची आई. तिकडे मामा म्हणजे आई. लेकरं झालेल्या बाईला कुणी नावाने हाक मारत नाही."

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. राजनंदिनीने सवयीने दार ढकलायला हात पुढे केला, तो काकूंनी धरला. दाराबाहेरच उभं राहून त्या म्हणाल्या, "होडी."

आतून काही नाही. वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन गेला, त्याने या दोघींकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं. काकू पुन्हा म्हणाल्या, "होडी." दुसऱ्याच्या दारात असं थांबायचं, आतून 'कारीबू' म्हणजे 'या' आलं तरच जायचं. नाही आलं तर मुकाट्याने परत फिरायचं. काकूंचे गुडघे दुखत होते आणि मनात येत होतं, नाहीच आलं तर बरं, घरी जाऊन पडता येईल.

"कारीबू," आतून आवाज आला, अगदी बारीक.

मुलीला तपासणीसाठी खाली नेलं होतं. पलंगाच्या कडेला चाळिशीतली एक बाई डोक्यावरून कापड घेऊन, भिंतीकडे तोंड करून बसली होती. ताट न हलवलेलं. राजनंदिनी पुढे झाली, वाकली आणि घोकलेलं म्हणाली, "शिकामो, मामा रेहेमा." म्हणजे, मी आपले पाय धरते.

बाईंची मान वळली. "मराहाबा," त्या म्हणाल्या. वडीलधाऱ्याने ते म्हणायचंच असतं, कितीही दुःखात असलं तरी. मग त्यांचं लक्ष काकूंच्या पांढऱ्या केसांकडे गेलं आणि त्या धडपडत उभ्या राहिल्या. "शिकामो," त्या काकूंना म्हणाल्या. आता 'मराहाबा' म्हणायची पाळी काकूंची. त्यांनी ते म्हटलं. किती वर्षांनी कुणी त्यांना शिकामो म्हणत होतं.

खुर्च्या नव्हत्या. काकू पलंगावरच टेकल्या आणि अडखळत, शब्द हुडकत, एकेक विचारू लागल्या. हबारी रात्रीची? न्झुरी, चांगली. हबारी लेकीची? न्झुरी. मोडकं बोलत होत्या काकू. मध्येच शब्द सापडेना की हात हलवायच्या. बाई वाट बघायच्या आणि प्रत्येकाला न्झुरीच म्हणायच्या. राजनंदिनीच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, सगळंच चांगलं आहे तर ही बाई चार दिवस जेवली का नाही? तिने काकूंच्या कानाशी विचारलंही.

"पहिल्यांदा न्झुरीच म्हणतात. मेल्या माणसाच्या घरीसुद्धा न्झुरी म्हणतात. नंतर सांगतात. थांब जरा," काकू पुटपुटल्या.

हबारी घरची? न्झुरी, पण जरा हळू. हबारी शेताची? न्झुरी. हबारी बाबा रेहेमाची, रेहेमाच्या बापाची?

"न्झुरी," बाई म्हणाल्या. डोक्यावरचं कापड पुढे ओढलं. "लाकिनी..."

लाकिनी म्हणजे 'पण'. हिंदीमुळे ते राजनंदिनीला न शिकवताच कळलं. पुढचा शब्द मात्र कळला नाही. तो सरांच्या पुस्तिकेत नव्हता. बाई म्हणाल्या, "अमेफारिकी."

काकूंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "पोले," त्या म्हणाल्या. "पोले साना." म्हणजे, फार वाईट झालं. मग बाई बोलू लागल्या, भडाभडा, आणि काकू रडत रडत राजनंदिनीला सांगू लागल्या.

"हिचा नवरा गेला गं. रविवारी. घरून फोन आला. सही करू का, हे ती त्यालाच विचारणार होती, म्हणून थांबा थांबा म्हणत होती. आता विचारायचं कुणाला? आणि पोरीला सांगायचं नाही, हृदयाचं दुखणं. पोरीसमोर रडता येत नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून बसते."

"रविवारी?" राजनंदिनी एकदम म्हणाली. "किती वाजता आला फोन?"

काकूंनी विचारलं. उत्तर आलं ते सांगावं की नाही असं त्यांना झालं. पण राजनंदिनीला ते आधीच आठवलं होतं.

"मी होती ना तिथं," ती म्हणाली. "त्या फोन घेऊन बाहेर आल्या, माझ्या टेबलाजवळ. काहीतरी सांगत होत्या. रांग होती. मी म्हटलं, काआ हापा. न्गोजा." तिने तोंडावर हात घेतला. "बस इथं, थांब. त्यांचा नवरा मेला होता आणि मी म्हटलं, थांब."

ती खाली फरशीवरच बसली आणि लहान पोरीसारखी रडली. मामा रेहेमांनी तिच्याकडे पाहिलं. मग वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पोले." रडायचं कुणी, समजूत घालायची कुणी! पण तिकडे तसंच आहे. समोरच्याला त्रास झाला की पोले म्हणायचं, मग आपलं घर का जळत असेना.

तेवढ्यात दीपमाला मॅडम आल्या, हातात कागद, कपाळावर आठी. "राजनंदिनी, सही झाली? आणि या कोण? खाली का बसलीयेस?"

राजनंदिनी उठली. नोकरी जाणार तर जाऊ दे, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"नाही झाली, मॅडम. यांचे मिस्टर वारले रविवारी. आपण कुणी विचारलंच नाही. मला वेळ पाहिजे. आज सही मागणार नाही मी."

दीपमाला मॅडम दुष्ट बाई नव्हत्या. सकाळी आठपासून उभ्या होत्या, एवढंच. त्यांनी मामा रेहेमांकडे पाहिलं, न हलवलेल्या ताटाकडे पाहिलं आणि कागद पाठीमागे धरला. "मी डॉक्टरांशी बोलते," त्या हळूच म्हणाल्या. "दोन दिवस पुढे ढकलता येईल. तू इथेच थांब. टेबलाची काळजी करू नकोस, ते तुझंच आहे." दाराशी जाऊन त्या परत वळल्या. "मी यांना काय म्हणू?"

"पोले साना," राजनंदिनी म्हणाली.

मॅडमनी ते म्हटलं. वाईट उच्चारलं, पण म्हटलं, आणि गेल्या.

मग राजनंदिनीने ऑपरेशनबद्दल सगळं सांगितलं, काय कापणार, किती वेळ लागणार, मुलगी कधी चालू लागेल. काकूंनी मोडक्यातोडक्या भाषेत पोचवलं. मामा रेहेमांनी ऐकून घेतलं आणि काकूंना विचारलं, तुझी लेक असती तर तू काय केलं असतंस?

असं काकूंना कुणी विचारत नसे. अपूर्वाच्या शाळेचं, लग्नाचं, मेलबर्नचं, सगळं सरांनी ठरवलं होतं. त्यांनी खरोखर विचार केला, घाई न करता, आणि म्हणाल्या, "मी केली असती सही. घाबरत केली असती, पण केली असती."

मामा रेहेमांनी मान हलवली. शनिवारी करते, म्हणाल्या. ताट पुढे ओढलं, थंडगार भातातला घास हातात घेतला आणि खाल्ला. राजनंदिनी पटकन गरम डाळ आणायला निघाली, तर बाईंनी तिला हातानेच थांबवलं. अजून एक गोष्ट राहिली होती. खबर एकाच बाजूने विचारून चालत नाही. ज्याची विचारली त्याने उलट विचारायची असते.

"हबारी रात्रीची?" त्यांनी काकूंना विचारलं.

"न्झुरी."

"हबारी लेकीची?"

"न्झुरी."

"हबारी झा म्झे?" म्हणजे, तुझ्या म्हाताऱ्याची काय खबर?

तीन दिवसांपूर्वी जिचा नवरा गेला, ती दुसरीच्या नवऱ्याची खुशाली विचारत होती, मनापासून. काकूंना लाज वाटली. काय सांगायचं? सरांची तब्येत ठणठणीत. रक्तदाब ताब्यात, भूक उत्तम, मारत नाहीत, पीत नाहीत. तक्रार करायला जागा नाही.

"न्झुरी," काकू म्हणाल्या.

मामा रेहेमांनी मान डोलावली, पण नजर काढली नाही. हातातला घास तसाच धरून त्या थांबून राहिल्या. न्झुरीनंतर थांबायचं असतं तशाच. बाहेर कुणीतरी कुणाचा तरी नंबर पुकारत होतं. काकूंसाठी असं आजवर कुणी थांबलं नव्हतं.

"लाकिनी," हेमाकाकू म्हणाल्या.

पुढे त्यांना शब्द सापडेना, स्वाहिलीही नाही आणि मराठीही नाही. राजनंदिनी उठली आणि तिने आतून दार लावून घेतलं.